आप्पांनी निवडलेला पंखा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण चुका काढायला. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय... पण झालं ते झालं.

मी सांगली जिल्ह्यातल्या कोरेगावला राहतो. गेल्या मार्चमध्ये माझ्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरचा पंखा गेला. मशीन पाच मिनिटांत तापून बंद पडायचं. आत माझं पुस्तक होतं – चमत्कारांमागची खरी कारणं सांगणारं. शेवटचं प्रकरण बाकी, आणि प्रकाशकाची मुदत शुक्रवारची.

सांगलीला नवा पंखा आणायला निघालो, तर पाहुणे आलेले सासरेही सोबत आले. आप्पा तासगावचे, बेदाण्याचे व्यापारी. शेडमध्ये द्राक्षं वाळवण्यात जन्म गेल्यामुळे जगातला सगळा वारा आपल्याला विचारून वाहतो असा त्यांचा समज. मी आठवडाभर वाचून चार पिनांचा पंखा ठरवला होता, प्रोसेसर तापेल तसा वेग वाढवणारा. आप्पांनी दुकानदाराला दोन पंखे चालू करायला लावले, दोन्हींसमोर ओलं बोट धरलं आणि निकाल दिला, "जावईबापू, तुमच्या ह्याला नुसता आवाज हाय, दम न्हाई. त्यो घ्या."

त्यो म्हणजे तीन पिनांचा, साधा. सासऱ्यांशी पिनांवरून कोण भांडणार? घेतला.

घरी बसवला. आप्पा शेजारच्या खुर्चीत होते तोवर झकास फिरला. ते चहाला ओसरीवर गेले – पंखा थांबला. परत आले – सुरू. असं तीनदा झालं. मी मल्टिमीटर लावला. बारा व्होल्ट व्यवस्थित येत होते. मग वाटलं, आप्पांच्या वजनानं फरशी हलत असेल, म्हणून त्या खुर्चीशेजारी उड्या मारून पाहिल्या. बायको दारातून बघत होती.

ज्यांच्या जाण्याची मी एरवी वाट बघतो, त्यांना शुक्रवारपर्यंत राहा म्हणून विनवलं. पण शेडवर बेदाणा काढायला आला होता. गुरुवारी सकाळी ते गेलेच. पंखा ढिम्म. दुपारी शेवटी फोन स्पीकरवर टाकून मशीनपाशी ठेवला.

"काय वो जावईबापू," आप्पा म्हणाले, "फिरतोय न्हवं?"

फिरला.

चमत्कार नसतात हे सांगणारं ते प्रकरण मी सोनाका द्राक्षाची थोरवी ऐकत पुरं केलं. पुस्तक छापूनही आलं. अजून रोज सकाळी कामाला बसलो की तासगावला फोन लावतो आणि काम संपेपर्यंत चालू ठेवतो. जावई लय मायाळू हाय, असं आप्पा गावभर सांगतात म्हणे.

कारण मला आजही सापडलेलं नाही. चार पिनांचा पंखाही मागवून ठेवलाय, पण तीन महिने खोक्यातच आहे. बायको विचारते, बसवत का नाही? मी म्हणतो, वेळ मिळत नाही. सध्या त्या एका पंख्यात काहीतरी दोष आहे, असं तरी म्हणता येतं. दुसराही आप्पांच्या आवाजाची वाट बघत बसला... तर छापलेलं पुस्तक परत मागवावं लागेल.