आत्याच्या टरबुजाचा रंग

मंडळी, आज आत्यानं माही चोरी पकडली.

आत्या वलगावले फळं विकते. सुटी होती म्हणून मी अमरावतीहून तिच्या ठेल्यावर गेली, तर तिनं हौसेनं स्वतःचा व्हिडिओ पाठवला. त्यात ती बुक्कीनं टरबूज फोडून गिऱ्हाईकाले दाखवते.

मी तो माह्या फोनवर पाहिला. आवाज बंद. बुक्की पडायच्या आधीच पडदा अंगठ्यानं झाकला.

"काहून झाकून राहिली वं? अन् टरबूज काळं कसं?"

मग सांगावंच लागलं. लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ दिवसभर पाहायचे अन् वाईट असले की काढून टाकायचे, हे माहं काम. मारामाऱ्या, अपघात, काय काय. रक्त डोक्यात राहू नये म्हणून आमी रंग बंद करून चित्र काळं-पांढरं ठेवतो, आवाजही बंद, अन् फटका पडायच्या आधी पडदा झाकतो. ती सवय माह्या फोनात कधी येऊन बसली, कळलंच नाही.

मले वाटलं, आता आत्या नोकरी सोड म्हणते. पण तिनं सगळ्यात मोठं टरबूज उचललं, बुक्कीनं फोडलं अन् अर्धं माह्या हातात दिलं.

"घे. इथं रंग बी चालू हाये अन् आवाज बी. झाकून दाखव आता!"

कोपरापर्यंत रस! किती दिवसांनी इतकी हसली मी.

घरी येऊन फोनचा रंग चालू केला, व्हिडिओ पुन्हा लावला. शेवटी आत्या खदाखदा हसते. सकाळी ते मी ऐकलंच नव्हतं.

तुमच्या कामानं तुमचं काय बंद करून ठेवलं? सांगा बरं. आत्याजवळ टरबुजं लय हायेत.