आप्पांचा बिनतारी प्रिंटर

दुसऱ्याचा कागद हाती आला तर तो न वाचता परत देण्याची कला आमच्या घरमालकांना प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने शिकवली असती, तरी जमली नसती. मारुंजीत त्यांच्या इमारतीत मी बरीच वर्षं भाड्याने राहिलो. त्यांना सगळे आप्पा म्हणत. बरीचशी जमीन बिल्डरला दिलेली, उरलेल्या तुकड्यावर मजले चढवलेले आणि मजल्यामजल्यावर माझ्यासारखे, हिंजवडीच्या ओढीने परभणी-अकोल्याकडून आलेले नोकरदार भरलेले. शेत गेल्यावर आप्पांना सकाळी उठून बघायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते आम्हाला बघत. कुणाचं पीक कसं उगवलंय, कुणाला पाणी कमी पडतंय, कुणावर कीड आहे, सगळ्यावर त्यांचं लक्ष.

एकदा मी नाक्यावरच्या दुकानात प्रिंट काढायला निघालो होतो. त्यांनी जिन्यातच अडवलं. म्हणाले, "एवढं इंजिनेर एका घरात, आन् कागदासाटनं दुकानात जाता? आमाला लाज वाटंल अशानं." लाज खरं तर आम्हाला वाटायला हवी होती, ती त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतली आणि त्याच आठवड्यात बिनतारी प्रिंटर आणला. तो तळमजल्यावर त्यांच्या बैठकीच्या खोलीत राहणार, इमारतीच्या वायफायवरून प्रत्येकाने आपापल्या खोलीतून कागद पाठवायचा आणि तो खाली छापून निघणार, अशी योजना. पैसे देण्याचा विषय कुणी काढला की आप्पा विचारत, "पाव्हण्याकडनं च्याचं पैसं घेतो का आपुन?"

प्रिंटर जोडायचा प्रसंग आला तेव्हा मात्र इमारतीतले सगळे संगणकतज्ज्ञ एकदम विनयशील झाले. एकजण म्हणाला, मी क्लाउडवर काम करतो, ही जमिनीवरची वस्तू आहे. दुसऱ्याने हे ड्रायव्हरचं काम असल्याचं सांगितलं, तेव्हा आप्पांनी शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. शेवटी सोबतची पुस्तिका वाचून मीच तो कसाबसा जोडला. नाव काय ठेवायचं, असं विचारल्यावर आप्पा म्हणाले, "देवाचं ठेवा." त्यामुळे पुढे कित्येक दिवस आमच्या फोनवर 'श्री गणेश प्रसन्न प्रतिसाद देत नाही' अशी सूचना येत असे, आणि नवा भाडेकरू ती वाचून दचकत असे.

वायफायबद्दल आप्पांचं स्वतःचं एक शास्त्र होतं आणि ते नळाच्या पाण्यावर बेतलेलं होतं. वरच्या मजल्यावरचा कागद पोचला नाही की ते म्हणत, "दाब कमी पडतुया." दाब वाढावा म्हणून त्यांनी प्रिंटर लोखंडी कपाटावर चढवला. पाण्यासारख्या वेळा ठरवून दिल्या. वरच्यांनी सकाळी छापायचं, खालच्यांनी संध्याकाळी. आप्पांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, कपाटातून साडी काढताना डोक्यावर कागद पडायला लागले, तेव्हा त्यांनी तो गुपचूप टेबलावर आणून ठेवला. दाब तेवढाच राहिला. दसऱ्याला पूर्वी ट्रॅक्टरला हार घालायचे. ट्रॅक्टर जमिनीबरोबरच गेला होता, म्हणून आता प्रिंटरला झेंडूचा हार आणि हळदकुंकू मिळालं. त्यानंतरचे काही दिवस प्रत्येक कागदाच्या कडेला पिवळा पट्टा यायचा.

कागद निघाला की आप्पा तो हातात घेऊन आधी खुर्चीत बसत. इंग्रजी ते अडखळत वाचत, पण शेवटपर्यंत वाचत. मग जिना चढून घरपोच देत, आणि सोबत अभिप्राय. नोकरी बदलायच्या विचारात मी माझा बायोडेटा छापला, तेव्हा तो देताना म्हणाले, "ह्यात लिवलंय, तुमी धा मानसं सांबाळता. खोलीतला ग्यास संपला तर तुमाला कळत न्हाई, सायेब." मी ती ओळ काढून टाकली. माझ्या खालच्या खोलीतला सोलापूरकर भरे नावाच्या गावातल्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने एकदा रागाच्या भरात राजीनामा छापला. आप्पांनी तो दिलाच नाही. "गरम हाय अजून, निवू द्या," म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. दोन-तीन दिवसांत ज्या साहेबावर राग होता तो साहेबच नोकरी सोडून गेला आणि सोलापूरकर वाचला. पण म्हणून तो खूश झाला असं नाही. इमारतीतल्या सगळ्यांना जमवून तो म्हणाला, "प्रायव्हसी नावाची काही गोष्ट असते की नाही?" सगळ्यांना ती एकदम हवीशी वाटली. आप्पांशी बोलायचं काम सर्वात जुना भाडेकरू म्हणून माझ्याकडे आलं.

मी प्रिंटरला गुप्त आकड्याची सोय केली आणि त्यांना समजावलं. "आप्पा, आता ज्याचा कागद त्यानेच खाली यायचं. आकडा दाबला की मगच निघेल."

"तवर कुटं ऱ्हातो कागद?"

"आतच."

"बरं हाय," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी जिना चढणं सोडलं. आम्ही खाली जायचो, आकडा दाबायचो, कागद घेऊन वर यायचो. आम्ही प्रिंटरपाशी उभे असताना आप्पा नियमाच्या पुढे जाऊन खुर्ची भिंतीकडे फिरवत आणि कॅलेंडर बघत बसत. आमची प्रायव्हसी इतकी सुरक्षित झाली, की सोलापूरकर तापाने पडून होता हे आम्हाला तो बरा झाल्यावर कळलं.

अशातच परभणीहून माझ्या वडिलांचे छातीचे रिपोर्ट आले. पुण्यातल्या डॉक्टरांना दाखवायला ते छापून हवे होते. मी कुणाला काही बोललो नव्हतो. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन तळमजल्यावर गेलो, आकडा दाबला. आप्पांनी खुर्ची फिरवली. कागद एकामागून एक निघत होते आणि त्यातलं मला काहीही कळत नव्हतं, फक्त एका ओळीखाली जाड रेघ होती. मी ते गोळा केले, दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

"आप्पा," मी म्हणालो, "जरा वाचता का?"

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चष्मा लावला. सगळे कागद ओळीने वाचले, वरच्या नाव-वयापासून खालच्या आकड्यांपर्यंत. त्यांनाही काही कळलं नसणार. वाचून झाल्यावर त्यांनी ते टेबलावर ठोकून सारखे केले.

"वडील कुटं उतरनार हायेत?"

"माझ्या खोलीवर."

"जिना चढवनार त्यास्नी?" मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, खालची पाव्हण्यांची खोली झाडून घे. आन् च्या टाक."

वडील आले, ऑपरेशन झालं, आणि परत चालायला लागेपर्यंत ते खालच्या खोलीतच राहिले. त्यांना बिनमिठाचं जेवण काकू देत. दोघे म्हातारे दुपारभर ज्वारी आणि भात यांत श्रेष्ठ काय यावर भांडत. मी प्रिंटरचा आकडा काढून टाकला. सोलापूरकराच्या हे लक्षात आलं, तरी पुढचा कागद त्याने बिनदिक्कत खाली पाठवला.

पुढे माझं लग्न झालं, सूसला फ्लॅट घेतला. तिथे माझा स्वतःचा प्रिंटर आहे, आणि त्यातून निघालेला कागद कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच पडून असतो. मधे आप्पांना भेटायला गेलो होतो. प्रिंटर टेबलावर होता, वर विणलेला रुमाल. आता नवी पोरं काही छापत नाहीत, काकू म्हणाल्या; त्यांचं सगळं फोनमध्येच असतं. आप्पा थोडे वाकलेत. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "काय छापायचं-बिपायचं असंल तर बगा, सायेब."

माझ्याकडे छापण्यासारखं काही नव्हतं. मी फोन काढला, भावाने पाठवलेला वडिलांचा शेतातला फोटो शोधला आणि पाठवून दिला. प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. कागद निघाला तो फिकट होता, शाई संपत आली होती. आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे केला.

"जेवत्यात का नीट?" त्यांनी विचारलं.

"जेवतात," मी म्हणालो.

त्यांनी तो फोटो मला परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही.