रिकाम्या झोक्याची ओढ

विमलबाईंची नि माझी खरी ओळख ब्राह्मणपुरीला त्यांच्या ओसरीवर झाली, आणि त्या दिवशी मी चांगलीच घाबरले. शहाद्याच्या कॉलेजात त्या आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. भर दुपार होती, मागच्या केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. सागाच्या एकाच तुळईला दोन झोके टांगलेले. बाई एकावर झुलत होत्या. बघता बघता शेजारचा रिकामा झोका आपला आपण हलू लागला.

"त्याले कोनी ढकलं नही," बाई म्हणाल्या. "मन्हा झोका त्याले वढी ऱ्हायना." तो झोका त्यांच्या दिवंगत यजमानांचा, अप्पांचा होता.

तुळई किंचित लवते, म्हणून एका झोक्याची हालचाल दुसऱ्याला पोचते, त्याला ओढत राहते, हे त्यांनी तिथंच समजावलं. मग दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर आल्या. बाहेरचा महाकाय ग्रह एक फेरी घालतो तोवर आतला दोन घालतो. ठरल्या जागीच पुन्हा पुन्हा गाठ पडते आणि ओढ साठत जाते. पुढे मी पुण्यात हेच संशोधन केलं. माझ्या ताऱ्याचा एकच ग्रह दिसे, पण तो ताऱ्यासमोरून कधी लवकर, कधी उशिरा जाई. वरिष्ठ म्हणाले, मोजण्यात चूक आहे. मी बाईंना फोन करून रडले. बाई दुसऱ्याच दिवशी एसटीने पुण्याला आल्या, सगळे आकडे माझ्याबरोबर तपासत बसल्या. न दिसणारा दुसरा ग्रह तिथं होता.

बाईंनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मुलाने, जितूभाऊंनी, जुनं घर पाडून स्लॅब टाकायचं काढलं. वहिनींना त्या रिकाम्या झोक्याची भीती वाटे, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? बाईंनी मला हळूच विचारलं, "स्लॅबले टांगी दिन्हा तर तो हालई का?"

"नाही, बाई. स्लॅब लवत नाही."

बाईंच्या समोरचा चहा तसाच निवला. जितूभाऊ दारातून ऐकत होते. "तुळई ऱ्हाऊ दे, माय," एवढंच म्हणाले, आणि गवंड्याला ओसरी सोडून बाकीचं घर पाडायला सांगितलं.

परवा मी गेले तेव्हा दोन्ही झोके चालू होते. मला बघून बाईंनी पाय टेकले. त्यांचा झोका थांबला, अप्पांचा हलतच राहिला. इतक्या वर्षांनी, सगळं गणित पाठ असूनही, अंगावर काटा आला. वहिनी तिथंच मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "थांबी जाई आते." आणि थोड्या वेळाने तो थांबला.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे मागणं मी दोघांसाठी मागते आहे, कारण बाई बसतात तोवरच अप्पांचा झोका हलतो.