वडिलांना सांगू नका

आमचे हे, म्हणजे नारायणराव, आयुष्यभर सरकारी चौकशी विभागात कारकून होते. सासरे छप्पन साली राजधानी हलली तेव्हा कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हापासून घरात सरकारी नोकरी आणि सरकारी संशय दोन्ही नांदतात. दूधवाला पाणी घालतो, गॅसवाला टाकी हलकी देतो, शेजारी हसले तर का हसले? निवृत्त झाल्यावर ह्यांना चौकशीला घरातलीच माणसं उरली. आम्ही दोघी. मी आणि आमची लेक रेवती.

रेवती शिकते आहे कोरियातली जुनी गाणी. जपान्यांचं राज्य होतं त्या वेळची, तबकड्यांवरची. तिला तिथे संशोधनाला शिष्यवृत्ती मिळाली, आणि व्हिसासाठी मंगळवारी दिल्लीला पासपोर्ट घेऊन जायचं ठरलं. मी तिच्या डब्यासाठी पुरणपोळीची तयारी करायला घेतली. ह्यांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

रेवतीच्या खोलीत एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजायचं, बाई रडवेल्या आवाजात गायची. ह्यांनी काय करावं? दाराशी मोबाईल धरला आणि भाषांतर करून घेतलं. मला बोलावून दाखवलं, "संध्याकाळच्या गाडीने शहरात जाते, तो फलाटावर येईल, वडिलांना सांगू नका."

"दाल में काला आहे, मंगला," म्हणाले. "कोणीतरी आहे तिकडे."

"अहो, गाणं आहे ते," मी म्हटलं.

"गाण्यातूनच निरोप जातात."

रविवारी पासपोर्ट सापडेना. रेवतीने कपाट उपसलं, गाद्या उलटल्या. हेही शोधत होते, फार मन लावून. तिथेच मला खटकलं. एरवी स्वतःचा चष्मा शोधायला उठत नाहीत. सगळीकडे पाहिलं, पण माळ्याकडे काही नजर जाईना.

"माळ्यावर बघू या का?" मी म्हटलं.

"तिथे काय असणार? गणपतीचं मखर आहे."

मी स्टूल लावलं. मखराच्या खोक्यात, थर्माकोलच्या खांबाखाली पासपोर्ट. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच!

 ह्यांनी घाईघाईने मोबाईल रेवतीपुढे केला, पुरावा म्हणून. तिने वाचलं आणि ती खाली बसली.

"बाबा, हे गाणं नव्वद वर्षांपूर्वीचं आहे. गावातली मुलगी शहरात गिरणीत कामाला जाते. ट्राम, कॉफीची दुकानं, दुकानांच्या दारात वाजणारे फोनोग्राफ, सगळं तिला नवीन. अशी गाणी खूप चालायची. आणि पता है, सरकारची माणसं तबकड्या ऐकत बसायची. कुठल्या गाण्यात काय लपलंय ते शोधायची, आणि बंदी घालायची."

ह्यांनी विचारलं, "त्या मुलीने वडिलांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

मला वाटलं, आता पाया पडतील की काय तिच्या. पण ह्यांनी फक्त माझ्या हातातला पासपोर्ट घेऊन तिच्यासमोर ठेवला आणि आत जाऊन पंखा लावला. मला राग आला होता, आणि कीवही. पोरगी जाईल नि आपण एकटे पडू, एवढीच भीती होती त्या माणसाला. तोंडाने बोलवत नव्हतं म्हणून पासपोर्ट मखरात लपवला.

सोमवारी संध्याकाळी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी लागली. हे पुढे झाले, "सामान दे, मी धरतो, तू चढ."

तिने बॅग दिली. पाण्याची बाटली दिली, पोळ्यांचा डबा दिला. कागदपत्रांची फाईल मात्र काखेत घट्ट धरूनच चढली, आणि वर गेल्यावरही हातातून ठेवली नाही.

ह्यांनी ते पाहिलं. गाडी सुटली.

"माझ्यावर विश्वास नाही उरला तिचा," म्हणाले.

"नाही उरला," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?