बाबाचे पाय
कंपनीतून आल्यावर सेफ्टी शूज काढले की पायमोज्यांचा जो कोंदट, रबरी वास येतो, त्यानं मला निघोज्यातल्या भाड्याच्या खोलीतली एक सकाळ आठवते. मी नाइट करून घरी पोचलो होतो, बायको नुकत्याच लागलेल्या फर्स्ट शिफ्टला निघून गेली होती आणि दोन वर्षांची लेक रडून लाल झाली होती. आईच्या पायांवर बसूनच शी करायची तिची सवय. मी हौसेनं आणलेल्या पिवळ्या पॉटीवर ती बसेना. परवापासून तिनं दाबून धरली होती, संध्याकाळी आईलाही दाद देत नव्हती, पोट टणक झालं होतं. तिला सांभाळत बसलेल्या घरमालकीण काकू मला म्हणाल्या, "आईच्या पायावं बसती न्हवं? मंग बापाला काय पाय न्हाईत व्हय?" मला लाजच वाटली. काकू गेल्यावर मी मोजे काढले, मोरीत भिंतीला टेकून बसलो आणि तिला पावलांवर बसवलं. "बाबा, गार," म्हणून ती लगेच उठली. मी पावलं चोळून चोळून गरम केली. मग ती बसली, माझ्या गुडघ्यांना कपाळ टेकून कुंथायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही. शेवटी झाली, तेव्हा तिनं वाकून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. आता ती पाचवीत आहे. सकाळी बाथरूमला आतून कडी लावते, मी दार वाजवलं की ओरडते, "बाबा, थांब ना जरा!" मी थांबतो, आणि थंड फरशीवर माझी पावलं आपोआप एकमेकांवर घासायला लागतात.