अण्णांची गोणी

"जुना पार्ट दाव आधी," असं म्हणत अण्णा काउंटरवरून हात पुढे करायचे. मोडका पार्ट त्यांच्या तळहातावर ठेवल्याशिवाय कोपरगावच्या त्या दुकानात कुणाला नवा मिळत नसे. नुसता अंगठा फिरवून ते ट्रक कुठला, किती जुना, ते सांगायचे. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं.

मी तिथं विक्रीला होतो. अण्णांच्या थोरल्या मुलानं नेवाशाला दुसरं दुकान काढलं, धाकट्यानं देवळाली प्रवराला तिसरं. मग पार्टचे कॅटलॉग आले, नंबर आले. अण्णांना अक्षरओळख नव्हती आणि मोतीबिंदूनं डोळेही अधू झाले होते. एकदा उसाच्या ट्रकला त्यांनी बेरिंग केसभर लहान दिलं. ट्रक भर रस्त्यात बसला आणि ट्रकवाला दुकानात येऊन वाट्टेल ते बोलला. उभ्या जन्मात ती एक चूक.

थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा, आजपास्नं तुमी काउंटरला यायचं न्हाई."

मागच्या खोलीत त्यांना भंगाराची गोणी दिली. बेरिंग, नट, वॉशर वेगळे करायचे. संध्याकाळी ते घरी गेले की सगळं मिसळून पुन्हा गोणीत भरायचं, हे काम माझं. "म्हाताऱ्याला काय कळतंय!" थोरला हसायचा. मीही हसायचो. तुमच्यापासून काय लपवू? पगार त्याच्याच हातून मिळायचा.

एका दुपारी चहा घेऊन गेलो, तर अण्णांनी एक बेरिंग माझ्या हातात ठेवलं. त्यावर कानशीनं पाडलेली खाच होती.

"ह्यो गडी रोज माघारी येतोय," ते म्हणाले.

माझी मान खाली गेली.

"पोरास्नी सांगू नको, मला कळलंय म्हनून. गोनी बी काढून घेत्याल. मंग ह्ये हात कुटं ठिऊ?"

मला रडू आलं. तरी संध्याकाळी गोणी भरलीच.

राहुरीला चौथं दुकान उघडलं. पाटीवर अण्णांचं नाव, पुढं 'आणि सन्स'. अण्णांना मात्र नेलं नाही. "कोपरगावला कुनीतरी पायजे की," थोरला म्हणाला. आम्ही सगळे पेढे खायला गेलो आणि अण्णा गोणी घेऊन बसले.

दुसऱ्या सकाळी ते उठलेच नाहीत.

दहावा झाल्यावर दुकान उघडलं. मागच्या खोलीत तीन ढीग नीट लावलेले होते. राहुरीला गेलो त्या संध्याकाळी ते मिसळायला मी नव्हतो. ढिगांपाशी बसून मी खूप रडलो. भानावर आलो तेव्हा माझे हात सवयीनं ते ढीग एकत्र करत होते.