हळू केलेला वॉल्ट्झ

लिंडसे ट्रेथवीने जन्मभर धान्याच्या कोठारांवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. कापणीची यंत्रं तो डोळे मिटून उघडायचा आणि डोळे मिटून जोडायचा. पण लेकीने ॲडलेडहून पाठवलेल्या त्या डबड्यापुढे मात्र त्याने हात टेकले.

डबडं म्हणजे काय, तर चौघांचं काम एकटं करतं म्हणे. झाकण उचलून रेकॉर्ड लावायची, बाजूला कॅसेट, पुढे रेडिओ आणि पोटात एक खण. त्या खणात कोरी सीडी घातली की वर वाजणारी रेकॉर्ड आपोआप खाली उतरते. खोक्यावर पांढऱ्या केसांची एक बाई बटणावर बोट ठेवून हसत होती. दोनच दिवसांत लिंडसेला त्या बाईचा इतका संताप आला की त्याने खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

हे झेंगट त्याच्या गळ्यात पडलं ते डल्सी हॉकिंगमुळे. डल्सी म्हणजे त्यांच्या गावच्या, पोर्ट कॅर्यूच्या, हॉलची चिटणीस, शेजारीण आणि मर्लची शाळेपासूनची मैत्रीण. मर्ल म्हणजे लिंडसेची बायको. हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुन्या पद्धतीचा नाच असायचा. पूर्वी तिघांचा बँड होता आणि त्यात मर्ल पियानोवर. पुढे ड्रमवाला मुलाकडे राहायला गेला, व्हायोलिनवाला देवाघरी गेला, आणि मग लिंडसेने रेकॉर्डी लावायला सुरुवात केली. आता कोणता नाच ते माईकवर पुकारायचा तोच, रेकॉर्ड लावायचाही तोच. या हिवाळ्यात हॉलच्या जुन्या प्लेयरची मोटार जळाली आणि लिंडसेने ती उघडून बघायच्या आत डल्सीने कुणाला न विचारता जुना प्लेयर भंगारात देऊन नवा चकचकीत संच आणला. त्यात फक्त सीडी चालायची.

"रेकॉर्डींचं आता पुरे झालं, लिंडसे," ती म्हणाली. "सगळं सीडीवर घे. हल्ली पोरंसोरं करतात."

"मग पोरासोरांनाच सांग की!"

"त्यांना वॉल्ट्झ कुठे कळतो?" असं म्हणून ती निघूनही गेली. लिंडसेच्या लेकीच्या, रॉझच्या, कानावर हे गेलं आणि तिने डबडं धाडलं.

आता सीडी बनवणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे, हे लिंडसेलाही कळत होतं. त्याची खरी अडचण वेगळीच होती आणि ती त्याने कुणालाच, मर्लला तर नाहीच नाही, सांगितली नव्हती.

जुन्या प्लेयरला वेग कमीजास्त करायची एक बारीक पट्टी होती. काही वर्षांपूर्वी मर्ल मागच्या पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आत लोखंड बसवलं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण नाचाचं विसरा. मर्ल घरी येताना गाडीतच म्हणाली, "मी नाचणार. आणि ज्या दिवशी ताल पुढे गेला नि मी मागे राहिले, त्या दिवसापासून हॉलची पायरी चढणार नाही. मला कुणी सांभाळून घेतलेलं चालायचं नाही." मर्लचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून ती पहिल्यांदा हॉलमध्ये परत आली त्या संध्याकाळी लिंडसेने ती पट्टी केसभर खाली ओढली. मर्ल नाचली, एकही पाऊल न चुकता. पुढच्या वर्षी त्याने अजून केसभर ओढली. मग ती सवयच झाली. अख्खा हॉल हळू झाला, पण तक्रार कोण करणार? सगळ्यांचेच गुडघे दुवा देत होते.

आणि या नव्या डबड्याला तसली पट्टीच नव्हती. रेकॉर्ड जशी, तसा वेग. म्हणजे शनिवारी वॉल्ट्झ खऱ्या वेगाने वाजणार, मर्ल अडखळणार आणि पुन्हा कधी हॉलमध्ये येणार नाही. 

सुरुवातच अपशकुनी झाली. लेकीने सोबत पाठवलेली कोऱ्या सीडींची चवड डबडं तोंडातसुद्धा घेईना. त्याने रॉझला फोन लावला.

"बाबा, त्या कॉम्प्युटरच्या आहेत वाटतं. चुकलंच माझं. तुला संगीताच्या वेगळ्या आणाव्या लागतील."

"संगीताच्या वेगळ्या? प्लॅस्टिकच्या चकतीला कळतं होय, आपल्यावर काय येणार आहे ते?"

"पुस्तिका वाचलीस का तू?"

"वाचली. ती लिहिणाऱ्याने स्वतः वाचलेली नाही."

गाडी काढून मोठ्या गावाला जाऊन त्याने संगीताच्या सीडी आणल्या. पहिली सीडी त्याने रॉझला फोनवर धरूनच केली, निव्वळ शिकण्यासाठी, खऱ्या वेगाची. रेकॉर्ड जेवढा वेळ वाजते तेवढा वेळ बसून राहायचं. मध्ये दार आपटलं की सुई उडते. सगळं झाल्यावर रॉझ म्हणाली, "आता शेवटी तिला कुलूप लाव. ते खालचं बटण. कुलूप लावलं नाहीस तर ती सीडी त्याच मशिनवर वाजेल, दुसरीकडे वाजणार नाही." त्याने कुलूप लावलं. डबडं बराच वेळ घरघरलं आणि गप्प झालं. ती सीडी त्याने डल्सीला दिली. म्हटलं, तुझ्या त्या संचात चालते का बघ.

मग दार लावून घेऊन तो खऱ्या कामाला लागला. वेग कमी करायचा कसा? त्याने फिरत्या रेकॉर्डच्या कडेला बोट टेकवलं. वेग कमी झाला, पण बोट थरथरलं की सूरही थरथरे आणि वॉल्ट्झ आजारी मेंढीसारखा कण्हायला लागे. बोट बधिर झालं. दुसऱ्या हाताचं बोट लावलं. तेवढ्यात नाक खाजलं आणि झालं वाटोळं. दुसऱ्या वेळी गाण्यात मध्येच जरा शांत जागा आली, तर डबड्याला वाटलं गाणं संपलं! त्याने तिथेच तुकडा पाडला, मध्ये मोकळी जागा सोडली आणि उरलेल्याला नवा नंबर दिला. नाचणारे काय तेवढ्यात एक पाय वर धरून उभे राहणार? आणि या सीडीवर एकदा चुकलं की चुकलं, पुसायची सोयच नाही.

वाया गेलेल्या सीडी तो दोऱ्याने जर्दाळूच्या झाडाला टांगत होता. चमकल्या की पोपट भितात.

"यंदा पोपट या जिल्ह्यातच उतरणार नाहीत," मर्ल खिडकीतून म्हणाली. "आत काय चाललंय काय तुझं? ते संगीत आहे की कुणाचा गळा दाबतोयस?"

"मशीन भिकार आहे."

"मशीन भिकार आहे तर दार का लावतोस? ते काय पळून जाणार आहे? ये, पेस्टी गार होतेय."

मांस-बटाटा भरलेली ती करंजी त्याने उभ्या उभ्याच संपवली. तिच्यासाठी मरमर मरायचं आणि वर तिचेच टोमणे ऐकायचे, या विचाराने तो ताटली तशीच ठेवून पुन्हा आत गेला.

बोटाचा नाद सोडून त्याने शेवटी जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा तुकडा घेतला, तो लाकडी चिमट्याला गुंडाळला आणि चिमटा डबड्याच्या कडेला असा बसवला की कापड रेकॉर्डला जेमतेम घासेल. घासलं! एकसारखं, न थरथरता. संगीत संथ झालं, अगदी हॉलमध्ये वाजायचं तसं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. पण त्या सीडीला कुलूप लावताना डबडं इतका वेळ घरघरत राहिलं की त्याला वाटलं अडकलं. त्याने वायर उपटली. सीडी कायमची मेली. गेली जर्दाळूला.

शनिवारी सकाळी त्याने पुन्हा चिमटा लावला, श्वास रोखून बसला आणि अख्खी सीडी निर्विघ्न पार पडली. लावून पाहिली. लोण्यासारखी वाजली. कुलपाच्या बटणाकडे त्याने एकदा बघितलं आणि बोट मागे घेतलं. मोटारींच्या धंद्यात त्याचा एकच नियम होता, चालू आहे त्याला हात लावायचा नाही. चांगली वाजतेय ना? मग कशाला शहाणपणा? तेवढ्यात मर्लने इस्त्रीच्या शर्टासाठी हाक मारली आणि रॉझने काय बजावलं होतं ते त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं.

संध्याकाळी हॉल भरला. बायकांनी आणलेल्या ताटल्या मागच्या टेबलावर लागल्या, जोड्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. पहिला नाच नेहमीच प्राइड ऑफ एरिन, तोच तो जुना वॉल्ट्झ, आणि त्यात पुकारणाऱ्याने बायकोबरोबर उतरायचं ही तिथली रीत. मर्ल निळा झगा घालून मधोमध त्याची वाट बघत होती. लिंडसेने सीडी आत सरकवली आणि बटण दाबलं. संचाने ती जरा चघळली आणि बाहेर थुंकली.

पुन्हा घातली. पुन्हा थुंकली. तेव्हा त्याला कुलूप आठवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली, ती स्वतःवरच.

"असू दे रे," डल्सी पर्स उघडत म्हणाली. "तू तपासायला दिलेली आहे माझ्याकडे. ती झकास वाजते."

"ती नको."

"का? त्यावरही हेच आहे की."

"ती... नीट नाहीये."

"नीट नाही कशी? मी घरी दोनदा ऐकली. उलट चांगली तरतरीत वाजते. जा तू, मर्ल ताटकळलीय. मी लावते."

काय सांगणार? सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. तो गेला, त्याने मर्लचा हात धरला आणि दुसरा हात तिच्या पाठीवर घट्ट रोवला. पडली तर धरायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

संगीत सुरू झालं आणि हॉलभर एक हुंकार उठला. कुणी हसलं, कुणी "अरे बापरे" म्हणालं. मर्लची पावलं मात्र कशी पडली! पुढे, मागे, वळसा, ताठ मान, आणि एकही पाऊल उशिरा नाही. लिंडसे तिच्या पायांकडेच बघत राहिला आणि त्याचा उजवा गुडघा मागे राहिला. दुसऱ्या वळशाला त्याने तिच्या बुटावर पाय दिला. तिसऱ्याला त्याचा दम संपला.

"ओढतोयस मला," मर्ल हळूच म्हणाली. मग तिनेच त्याला सावरत, जणू नाचाचाच भाग आहे अशा थाटात, कडेला नेलं आणि संचाशेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"तुझा खुबा..." तो धापा टाकत म्हणाला.

"माझ्या खुब्यात लोखंड आहे, लिंडसे. तुझ्या गुडघ्यात काय आहे?" ती खाली वाकली. "मी पियानो वाजवणारी बाई आहे. दर वर्षी सूर थोडा थोडा उतरत होता, तो मला कळला नसेल? म्हटलं, याचे गुडघे गेलेत आणि सांगायची लाज वाटतेय. म्हणून गप्प बसले."

"माझे गुडघे?" त्याचा आवाज चढला. "अगं, मी तुझ्यासाठी करत होतो! आठवडाभर त्या डबड्यापुढे बोटं घासली ती तुझ्यासाठी!"

मर्ल त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू आलं नाही.

"माझ्यासाठी? आणि मी इतकी वर्षं तुझ्यासाठी पाय ओढत नाचले. कंटाळले होते रे मी."

 डल्सीला जोडीदार नव्हता. मर्लने तिचा हात धरला आणि दोघी त्या वेगात शिरल्या. लिंडसे गुडघा चोळत बसला. त्याला राग आला होता. डबड्याचा, डल्सीचा, आपल्याला एवढं ओळखूनही गप्प राहिलेल्या बायकोचा, आणि सगळ्यात जास्त या गुडघ्याचा, जो कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

वॉल्ट्झ संपला. निम्म्या जोड्या आधीच बसल्या होत्या. उरलेल्या टाळ्या वाजवायला लागल्या. उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या की पुकारणाऱ्याने तोच नाच पुन्हा लावायचा, आणि नसेल लावायचा तर हसून हात हलवायचा. सगळ्यात जोरात मर्ल टाळ्या वाजवत होती, थेट त्याच्याकडे बघून. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. त्या सीडीवर पुढचा नंबर हळू नाचाचा होता. तो लावला असता तर लिंडसेलाही उतरता आलं असतं.

त्याने माईक ओढला. "पुन्हा एकदा," तो म्हणाला, "हाच." आणि त्याने बटण दाबलं.